कपाटातला चौदा नंबर

आमच्या ऑफिसातल्या प्रत्येकाचा आवाज मला काढता येतो. फक्त तिचा येत नाही. यावरूनच समजा, ती माझ्या डोक्याला किती ताप असेल.

साहेबांचा आवाज तर मी झोपेतही काढीन. कुठलंही काम सांगायच्या आधी साहेब घसा साफ करतात आणि विचारतात, "आपण एक काम करूया का?" त्यातलं 'आपण' म्हणजे मी, आणि 'करूया का' म्हणजे आत्ताच्या आत्ता. कँटीनवाल्या मावशींचा काढतो, गेटवरच्या वॉचमनचा काढतो. खालच्या मुकादमाचा तर इतका बरोब्बर काढतो की एकदा मी मागून हाक मारली तर त्याचीच माणसं पेट्या उचलायला धावली आणि मुकादम स्वतःचं तोंड चाचपत उभा राहिला.

आमचं ऑफिस म्हणजे भिवंडीजवळच्या वळ गावातल्या एका गोडाऊनचा वरचा मजला. खाली ट्रक लागतात, हमाल पेट्या चढवतात आणि प्रत्येक पेटीवर हातातला स्कॅनर मारतात. टुक! स्कॅनर म्हणजे जाडजूड मोबाइलच, फक्त त्याला रबरी कव्हर आणि कव्हरवर नंबराचा स्टिकर. आत जे अॅप चालतं ते जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेलं, आणि ते लिहिलंय मी. पडघ्याच्या पुढच्या गावातला, मराठी शाळेतला, इंग्रजी बोलताना आधी मनात एकदा रिहर्सल करणारा मी. त्यामुळं त्या अॅपचा मला जरा जास्तच माज होता, हे पण सांगून टाकतो.

आता अॅप म्हटलं की ते कधीतरी अडकणारच. अडकलं की मुकादम मला फोन लावायचा. साहेबांना नाही, दुसऱ्या कुणाला नाही, मला. मुकादम मूळचा यूपीचा. आधी भिवंडीत कापडाच्या लूमवर होता, लूम बंद पडला तसा गोडाऊनला आला. त्याचा फोन म्हणजे तमाशा असायचा.

"भाई, वो फिर सो गया."

"कौन सो गया?"

"अरे वही, पीला! मैं इधर गाडी लगा के खडा हूँ, ड्रायवर मेरे सर पे खडा है, और ये महाराज गोल-गोल घूम रहे हैं!"

मी खाली जायचो, बघायचो, वर येऊन दुरुस्त करायचो. आणि खुर्चीत बसायच्या आधी अख्ख्या ऑफिसला मुकादमाच्या आवाजात ती गोष्ट सांगायचो. सगळे पोट धरून हसायचे. साहेब पण. मला अजून काय पाहिजे?

दुरुस्ती करायची माझी पद्धत पण माझीच होती. प्रोग्राम चालताना आत काय चाललंय ते कळावं म्हणून मध्ये मध्ये कन्सोल-लॉगच्या ओळी टाकतात. म्हणजे प्रोग्रामनं चालता चालता स्वतःशी पुटपुटायचं, आता इथं पोचलो, आता हे केलं. बाकी लोक तिथं 'स्टेप वन', 'स्टेप टू' असलं बेचव लिहितात. मी लिहायचो, 'आलो रे आलो', 'इथपर्यंत जिवंत', 'पेटी दिसली पण पेटीला मी नाही दिसलो', आणि सगळ्यात शेवटी, सर्व्हरनं उत्तर दिलं नाही की, 'साहेब, गाडी गेली हो'. ही शेवटची ओळ वाचताना आवाज वॉचमनचाच यायचा कानात. अॅपमध्ये अशा ओळी किती होत्या ते मला पण माहीत नव्हतं. सगळं गोडाऊन आत बडबडत होतं म्हणा ना.

आणि मग ती आली. भिवंडीजवळच्या टेमघरची. मोठ्या घरची. बापाच्या जमिनीवर आज दुसऱ्यांची गोडाऊनं उभी आहेत. कल्याणच्या कॉलेजातली, माझ्याच वयाची. आल्या आल्या तिनं माझा कोड उघडला. मी बाजूलाच उभा, कौतुकाची वाट बघत.

ती बराच वेळ वाचत होती. एकदा पण हसली नाही.

"हे सगळं खालच्या चालू स्कॅनरवर पण छापतंय?"

"हो. मजा आहे ना?"

"मजा आहे," ती बोलली, "पण ह्यातलं खरं काय बिघडलंय ते शोधायचं कसं?"

ओरडून बोलली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याची नक्कल होते. ती बोलते एकदम साधं, ना वर ना खाली. धरायला कुठं गाठच नाही.

त्याच आठवड्यात तिनं एक लायब्ररी आणली. लॉगिंगची. एवढीशी फाइल, मागं कुणाचं लटांबर नाही, टाकली की चालू. साहेबांना समजावताना मी कान देऊन ऐकत होतो. प्रोग्रामच्या पुटपुटण्याला त्यात पाच पट्ट्या. ट्रेस, डिबग, इन्फो, वॉर्न, एरर. आमच्या गावच्या हिशोबानं सांगायचं तर बारीकसारीक चुगली, कुजबुज, सरळ गप्पा, खाकरणं आणि बोंब. प्रत्येक ओळ लिहितानाच ठरवायचं, ही कुठल्या पट्टीतली. आणि मग एका जागी सांगायचं की आज फक्त खाकरणं आणि बोंब ऐकू येऊ दे. बाकी सगळे चूप. काही खोदायचं असेल तेव्हा पट्टी खाली घ्यायची, की कुजबुज पण ऐकू येते.

मी आवाज काढणारा माणूस. आणि आवाजाचं बटण तिच्या हातात.

"आणि माझ्या ओळी?" मी विचारलं.

"काढल्या नाहीत मी. डिबगमध्ये टाकल्यात. लागतील तेव्हा दिसतील."

म्हणजे 'साहेब, गाडी गेली हो' कुजबुजीत! काढून टाकल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

शनिवार-रविवार घरी बसून मी माझा स्वतःचा लॉगर लिहिला. लायब्ररी काय मोठी गोष्ट आहे, चार फंक्शन तर आहेत! मी रंग टाकले, वेळ टाकली, बोंब मारताना लाल पट्टा येईल असं केलं. सोमवारी ऐटीत दाखवला. तिनं दोन ओळी चालवून बघितल्या आणि कडेला बोट ठेवलं. कन्सोलमध्ये प्रत्येक ओळीच्या शेजारी दिसतं की ही ओळ कुठल्या फाइलमधून आली. माझ्या लॉगरच्या सगळ्या ओळींपुढं माझ्या लॉगरचाच पत्ता. म्हणजे गावात चोरी कुठं पण होऊ दे, बातमी सांगणारा पोरगाच पकडला जाणार. तिची ती एवढीशी फाइल मात्र प्रत्येक ओळीचा खरा पत्ता सांगायची.

"रंग छान आहेत," ती बोलली.

मी तो लॉगर त्याच दुपारी उडवला.

खरा घाव पुढं बसला. तिनं त्या लायब्ररीला स्वतःचं छोटं शेपूट जोडलं. खाली कुठला स्कॅनर खाकरला किंवा बोंबलला की ती ओळ थेट वर आमच्या स्क्रीनवर. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला त्या स्कॅनरचा नंबर. त्यासाठी तिनं एक अख्खा दिवस खाली बसून एकेक स्कॅनर हातात घेतला, कव्हरवरचा नंबर बघितला आणि तोच नंबर आत टाइप केला. मग काय, कुठं काही अडकायच्या बेतात असलं तरी हिला वरच दिसायचं. मुकादमानं खिशातून फोन काढेपर्यंत काम झालेलं असायचं.

माझा फोन वाजायचा बंद झाला.

तुम्हाला वाटेल, बरं झालं की, ताप गेला. अहो, फोन नाही तर गोष्ट नाही, गोष्ट नाही तर नक्कल नाही. चहाच्या वेळी सगळे माझ्याकडं बघायचे आणि माझ्याकडं नवीन मालच नसायचा. एकदा मीच खाली जाऊन मुकादमाला विचारलं, "चाचा, कुछ अटका-वटका नहीं क्या?"

"नहीं भाई, जब से मॅडम आयी हैं, मख्खन चल रहा है."

मख्खन! हा शब्द त्यानं माझ्यासाठी कधी वापरला नव्हता.

त्यात पडघ्याचं प्रकरण. कंपनी पडघ्याला नवीन गोडाऊन चालू करणार होती आणि तिथल्या अॅपची जबाबदारी एकाला द्यायची होती. वळच्या ऑफिसात आम्ही दोघं होतो, म्हणजे दोघांतला एक. मी साहेबांचा चेहरा बघून आधीच ठरवलं होतं की तो मीच. घरी पण सांगून टाकलं. पडघ्याहून आमचं घर म्हणजे बाइकवर बसलो आणि उतरलो. आईनं त्याच दिवशी गल्लीत सगळ्यांना सांगितलं.

"मंग दुपारचा जेवाया घरी येशील ना रं?"

"येईन की."

"गरम भाकर तरी भेटंल. त्या डब्यातली कशी व्हते, चामड्यावानी. मी म्हनलं शेजारनीला, आता माझा पोरगा साहेब व्हनार, अन् दुपारी घरी बी येनार. बाकीच्यांचे पोरं साहेब झाले का घरीच येत न्हाईत."

त्या भाकरीसाठी तरी पडघा मला पाहिजे होतं. आणि साहेबांनी एक दिवस घसा साफ केला. "आपण एक काम करूया का? सणाची गर्दी निघू दे. त्यात अॅप कसं चालतं बघू, मग पडघ्याचं ठरवू. आणि खालून कुणी फोन करायचा नाही. लॉग बघूनच काम करायचं." ते तिच्या स्क्रीनकडं बघून बोलले.

गर्दी सुरू झाली आणि देव माझ्या मदतीला आला.

स्क्रीनवर ओळ आली. चौदा नंबरचा स्कॅनर खाकरत होता. पेट्या स्कॅन होतायत, पण वर पाठवायची रांग तुंबलीय. ती खाली गेली, चौदा नंबर घेऊन आली. तपासला. एकदम ठणठणीत. परत दिला. परत ओळ, चौदा. परत आणला, परत ठणठणीत. शेवटी तिनं तो चौदा नंबर बंद करून वरच्या कपाटात ठेवला आणि कपाटाला चावी लावली.

थोड्या वेळानं स्क्रीनवर ओळ आली. चौदा, रांग तुंबलीय.

मग बाजूचा अकाउंटवाला हळूच बोलला, "कपाटात माल भरतोय वाटतं."

मी लगेच वॉचमनच्या आवाजात सुरू झालो. "ओ साहेब, कपाटाला गाडी लावू का? चलन द्या, चलन!" सगळे फुटले. किती दिवसांनी हसले माझ्या नकलेवर! मी तर कपाटाला कान लावून "टुक, टुक" पण करून दाखवलं.

ती हसली नाही. कपाट उघडलं, चौदा नंबर हातात घेऊन बघत बसली. साहेब येऊन तिच्या मागं उभे राहिले आणि त्यांनी घसा साफ केला, पण पुढं काही बोलले नाहीत. मला माहितेय ते. पुढचं वाक्य नसलेला खोकला म्हणजे साहेबांचं मन बदलायला लागलंय. त्या दिवशी घरी जाताना मी पडघ्याच्या नवीन गोडाऊनसमोर बाइक थांबवली. शटरला नुकताच निळा रंग दिलेला. आपल्याच घराला रंग दिल्यासारखं वाटलं मला. लायब्ररी खोटं बोलायला लागली होती, आणि मला एवढं गोड कधी झोपायला भेटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पण तेच. चौदा कपाटात आणि चौदा खाली बोंबलतोय. तिचे डोळे लाल झाले होते. आणि भर दुपारी माझा फोन वाजला. मुकादम! साहेबांनी नको सांगितलं होतं तरी. इतक्या दिवसांनी त्याचं नाव स्क्रीनवर बघून मला गहिवरून आलं.

"भाई, किसी को बोलना मत मैंने फोन किया. हरे धागेवाला कल से मर रहा है. आदमी लोग बोल रहे, इसको फेंक दो खाडी में."

"रुक चाचा, आता हूँ."

फोन ठेवला. आणि आता तुम्हीच सांगा, महिनाभर उपाशी माणसाच्या ताटात लाडू पडला तर तो कपाटात ठेवेल का? मी खुर्चीवर उभाच राहिलो. मुकादमाची मान वाकडी, पान गालात, एक हात कमरेवर. "भाई! किसी को बोलना मत! हरे धागेवाला कल से मर रहा है! फेंक दो इसको खाडी में!"

अख्खं ऑफिस हसलं. साहेबांनी पण तोंडावर फाइल धरली.

ती मात्र खुर्ची फिरवून माझ्याकडं बघत होती.

"हिरवा धागा म्हणजे?"

"अगं, त्यांची खूण आहे ती. नंबर कोण बघतंय खाली? मुकादम लूमवर होता ना, त्याच्या खिशात कायम रंगीत धागे. त्यानं प्रत्येक स्कॅनरला एकेक बांधलाय. हिरवा, पिवळा, लाल. मला फोनवर कधी नंबर सांगितलाच नाही त्यानं. पिवळा झोपला, लाल गरम झाला, असंच."

"कुठं बांधतात? कव्हरला की मशीनला?"

"मशीनला. पट्ट्याच्या भोकात. कव्हरला बांधून काय उपयोग? कव्हर तर रोज..."

बोलता बोलता मलाच ऐकू आलं मी काय बोलतोय ते.

कव्हर रोज काढतात. स्कॅनर चार्जिंगच्या स्टँडमध्ये कव्हरसकट बसत नाही. शिफ्ट संपली की हमाल सगळी कव्हरं काढून एका क्रेटमध्ये टाकतात, आणि सकाळी जे हाताला लागेल ते चढवतात. आणि नंबराचे स्टिकर कव्हरवर. म्हणजे आजचा चौदा कालचा चौदा नसतो. कपाटात होतं ते चौदा नंबरचं कव्हर. त्याच्या आतली मशीन दुसरीच. खरी चौदा नंबरची मशीन हिरवा धागा बांधून खाली मरत होती.

ती उठून खाली पळाली. मी पण पळालो, पण जिन्यावर मी दोन पायऱ्या मागं होतो आणि तसाच राहिलो. मुकादमानं हिरव्या धाग्यावाला हातात दिला. तिनं आत बघितलं आणि स्वतःच्या कपाळावर हात मारला.

"माझंच आहे," ती बोलली. "नंबर टाकले त्या पहिल्या दिवशी तपासायला ह्याची पट्टी ट्रेसला लावली होती. ही लायब्ररी पट्टी लक्षात ठेवते, त्या मशीनमध्येच. अॅप बंद करून चालू केलं तरी तीच राहते. दुसऱ्या दिवशी मी चौदा नंबर मागवून पट्टी परत वर केली, पण तोपर्यंत कव्हर बदललं होतं. हा बिचारा तेव्हापासून बारीकसारीक सगळं वर पाठवतोय, आणि आपल्या स्क्रीनवर फक्त वॉर्न-एरर दिसतात म्हणून कळलं नाही. गर्दीत तुंबला."

तिनं एका ओळीत पट्टी वर केली. हिरव्या धाग्यावाला टुक करून बोलला आणि तुंबलेल्या सगळ्या पेट्या भराभर वर गेल्या.

"मॅडम, जादू!" मुकादम बोलला. माझ्यासमोर. ज्याला मी फोनवर इतकी वर्षं पोसलं, त्या मुकादमानं.

म्हणजे बघा. चूक तिची. माहिती माझी. आणि टाळ्या तिला. ते धागे मी कितीदा तरी ऐकले, कितीदा तरी नाचून दाखवले, आणि ऐकलं तिनं एकदा. उत्तर माझ्या तोंडात होतं आणि मी त्याचा आवाज काढत बसलो.

संध्याकाळपर्यंत तिनं लॉगच्या ओळीतला नंबर काढून धाग्याचा रंग टाकला. आता स्क्रीनवर 'हिरवा' खाकरतो, 'पिवळा' बोंबलतो. मुकादम जे बोलतो तेच लॉग बोलतो. वर ती साहेबांना काय सांगते? "सर, धाग्यांचं मला ह्यानं सांगितलं, नाहीतर सापडलं नसतं." असं चांगलं वागतात ना लोक, तेव्हा जळायला पण धड जागा उरत नाही.

साहेबांनी घसा साफ केला. "आपण एक काम करूया का? पडघ्याला मॅडम जाऊ देत. तू इथंच पाहिजेस. तुझ्याशिवाय इथं करमणार नाही कुणाला."

करमणार नाही! म्हणजे ती इंजिनिअर आणि मी रेडिओ.

घरी सांगितलं तेव्हा आई भाकर थापत होती. थांबली नाही. थापता थापताच बोलली, "ती पोरगी दुपारची जेवते का न्हाय? टेमघर लांब हाय. तिला सांग, डबा नको आनू. घर हाय आपलं पडघ्याजवळ." आता बोला. माझी गरम भाकर पण तिलाच.

मी अजून निरोप दिलेला नाही. देईन. घाई काय आहे?

आता सकाळी मी पडघ्यावरून वळच्या ऑफिसला जातो आणि ती टेमघरहून पडघ्याला येते. हायवेवर कधी कधी समोरून तिची स्कूटर जाते, ती हात करते, मी हॉर्न वाजवतो. वळचे स्कॅनर आता मी सांभाळतो, तिच्याच लायब्ररीवर. नवीन ओळ लिहिताना मी पण आधी पट्टी ठरवतो. 'साहेब, गाडी गेली हो' मी कुजबुजीतून काढून बोंबेत टाकलीय, कारण खरं सांगायचं तर ती बोंबच होती. तिला ते दिसलं असणार.

परवा चहाला मुकादम वर आला होता. बोलला, "भाई, सबकी आवाज निकालता है, मॅडम की भी निकाल के दिखा." सगळे थांबले. मी नेहमीसारखं 'येत नाही' म्हणणार होतो. पण उठलो, खुर्ची फिरवली, मान जरा तिरकी केली आणि एकदम साध्या आवाजात, ना वर ना खाली, बोललो, "कुठं बांधतात? कव्हरला की मशीनला?"

हुबेहूब आला. अकाउंटवाल्यानं दचकून दाराकडं बघितलं. मग सगळे एवढे हसले की मुकादमाच्या कपातला चहा सांडला.

तिचं एवढं एकच वाक्य मला येतं. लोक सारखं सारखं तेच मागतात, आणि मला ते काढून दाखवावं लागतं.